अथेन्सची सभा आणि मराठवाड्यातील ग्रामसभा

(खुलताबाद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन ग्रीकांचा विषय निघाला की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे संगमरवरी मंदिरे, सॉक्रेटिसाचा विषाचा प्याला आणि ‘लोकशाहीची जननी’ हे अथेन्सला मिळालेले बिरुद उभे राहते. शाळेच्या पुस्तकातून झालेली ही ओळख खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे. अथेन्सची लोकशाही विचारवंतांच्या मठात जन्मली नाही. ती कर्जाच्या प्रश्नातून जन्मली, जमिनीच्या प्रश्नावर वाढली आणि गुलामांच्या श्रमावर उभी राहिली. हा इतिहास खुलताबादेत सांगण्याला विशेष औचित्य आहे. या गावाच्या परिसराचा ग्रीकांशी जो संबंध येतो, तो दुरून आणलेला नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यातील पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर या दोन्ही नगरांची नोंद तीत आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून कापड, असा माल गाड्यांवर लादून रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे, असे तो व्यापारी लिहितो. भडोचच्या बंदरात समुद्रापलीकडून काय येई, याचीही यादी त्याने दिली आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे यांबरोबर राजासाठी गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली हेही त्या यादीत आहे. कथील आणि माणूस एकाच यादीत एकाच निर्विकार शाईने लिहिलेले आहेत. याच सुमारास कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणाऱ्या दात्यांची नावे कोरली गेली. ग्रीक जगाशी या भूमीचा व्यवहार असा दानाचा आणि व्यापाराचा, दोन्ही प्रकारचा होता.

ग्रीक लोकशाहीचा विचार करताना दान देणारा नागरिक आणि यादीतला गुलाम ही दोन्ही माणसे एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.

आरंभ करावयाचा तो कर्जापासून. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या सुरुवातीस अथेन्सच्या आसमंतातील, म्हणजे ॲटिका प्रदेशातील, लहान शेतकरी जमीनदारांच्या कर्जात बुडालेला होता. शेतात गहाणाचे दगड रोवलेले असत. कर्जाला तारण जमिनीचे नसेल तर शरीराचे असे. कर्ज फिटले नाही की कुळ स्वतः, त्याची बायको, त्याची मुले सावकाराची मालमत्ता होत आणि परमुलखात विकली जात. यादवीची वेळ आली, तेव्हा इ. स. पू. ५९४ मध्ये सोलोन या मुत्सद्द्याला कायदे करण्याचे अधिकार देण्यात आले. त्याने गहाणाचे दगड उपटले, देहाच्या तारणावर कर्ज देण्याची प्रथा कायमची बंद केली आणि परदेशी विकल्या गेलेल्या पुष्कळ अथेन्सवासीयांना परत आणले. जमिनीचे फेरवाटप मात्र त्याने केले नाही आणि अधिकारपदे संपत्तीच्या प्रतीनुसारच ठेवली. तरीही पुढे आलेल्या लोकशाहीचा पहिला दगड त्यानेच बसवला. ज्याचा देह सावकाराकडे गहाण आहे तो सभेत हात वर करू शकत नाही, हे सत्य अथेन्सने मताच्या अधिकाराआधी ओळखले.

दुसरी पायरी क्लीस्थेनीसची, इ. स. पू. ५०८ ची. तोवर अथेन्सचे राजकारण मोठ्या घराण्यांच्या हाती होते. घराण्यामागे त्यांचे भाऊबंद, भाऊबंदांमागे त्यांचा मुलूख, असा तो हिशेब होता. क्लीस्थेनीसने हा हिशेबच मोडला. ॲटिकाचा सगळा प्रदेश सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे या जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. त्यातील गावे आणि नगरातील पेठा मिळून १३९ ग्रामघटक मानले गेले. त्यांना ‘डीम’ म्हणत. हे घटक दहा नव्या गणांत विभागले गेले आणि प्रत्येक गणात किनाऱ्याचा, नगराचा आणि आतल्या मुलखाचा एकेक भाग घालण्यात आला. कोळी, कारागीर आणि शेतकरी यांना एका गणात बसून कारभार करणे भाग पडले. नागरिकाची नोंद गावच्या पटावर होई. त्याची ओळख वडिलांच्या कुळाऐवजी गावाच्या नावाने व्हावी, असा संकेत रूढ करण्यात आला. आडनाव ऐकताच समोरच्याची जात ताडणाऱ्या समाजाला या सुधारणेचे मर्म निराळे समजावून सांगावे लागू नये.

या घटकांतून दरवर्षी पाचशे जणांचे मंडळ निवडले जाई, प्रत्येक गणाचे पन्नास. ही निवड मतांनी होत नसे, चिठ्ठी टाकून होई. एका माणसाला आयुष्यात दोनदाच या मंडळावर बसता येई. पन्नासांची प्रत्येक तुकडी वर्षाचा दहावा भाग रोजचा कारभार पाही आणि तिचा अध्यक्ष रोज चिठ्ठीने बदले. पदावर येण्यापूर्वी पात्रतेची चौकशी होई आणि पद सोडताना हिशेब द्यावा लागे. सेनापती मात्र मतांनी निवडले जात, कारण त्या कामाला विशेष कौशल्य लागते, हे ग्रीक जाणत होते. ॲरिस्टॉटलने तर स्पष्टच नोंदवले आहे की चिठ्ठीने नेमणूक ही लोकशाहीची रीत समजली जाते आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची. निवडणुकीत ज्याच्यापाशी पैसा, घराणे आणि वक्तृत्व आहे तोच पुढे येतो, हा त्यामागील अनुभव आजच्या मतदाराला अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

चिठ्ठी आपल्याकडेही आहे. तहसील कार्यालयात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी उचलली जाते आणि ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यातून कारभार चालला तेथे एखाद्या भूमिहीनाच्या सुनेला सरपंच होण्याचा अधिकार मिळतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना पंचायतींत एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. अथेन्सला जे कधीच सुचले नाही ते येथे कायद्याने झाले, याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र सोडतीने खुर्ची मिळते, सत्ता मिळतेच असे नाही. त्यासाठी तिसरी पायरी लागते आणि ती अर्थशास्त्राची आहे.

अथेन्सच्या न्यायालयात बसणारे पंच सामान्य नागरिक असत. दरवर्षी सहा हजार पंचांची यादी होई. दिवसभर न्यायालयात बसणारा मजूर संध्याकाळी खाणार काय? पेरिक्लीसने पंचांना दिवसाला दोन ओबोल भत्ता सुरू केला आणि पुढे तो तीन झाला. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्म. पाचव्या शतकाच्या अखेरीस अक्रोपोलिसवरील एरेख्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत आणि त्यांत कारागिराची रोजची मजुरी एक द्राख्म आढळते. म्हणजे पंचाचा भत्ता कारागिराच्या अर्ध्या मजुरीइतका होता. इ. स. पू. ४०३ नंतर लोकसभेला हजर राहण्याबद्दलही भत्ता सुरू झाला. तत्पूर्वी बाजारात गप्पा मारीत बसलेल्या नागरिकांना सभेकडे हाकण्यासाठी ओला लाल रंग लावलेला दोर ओढीत नेत आणि ज्याच्या अंगरख्याला रंग लागे त्याची फजिती होई, अशी थट्टा त्या काळच्या नाटकांत आहे. दोराने जे साधले नाही ते भत्त्याने साधले. श्रीमंत मंडळींनी त्याविरुद्ध पुष्कळ ओरड केली. भत्त्याने लोक आळशी आणि वाचाळ होतात, असा त्यांचा आक्षेप होता. गरिबाला वेळेचे मोल मिळू लागले की सधनांना त्याच्या नीतीची चिंता वाटू लागते, हे तेव्हापासून चालत आले आहे.

आता या इमारतीच्या तळघरात उतरले पाहिजे. सोलोनने अथेन्सच्या शेतकऱ्याला गुलामीतून सोडवले, परंतु जमीनदाराला लागणारे श्रम त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. ते बाहेरून विकत आणले जाऊ लागले. थ्रेस, सिथिया, आशिया मायनर येथील माणसे बाजारात येऊ लागली. नागरिकाचे स्वातंत्र्य आणि परक्याची गुलामी ही दोन्ही बरोबरीने वाढली, असे मोझेस फिन्ली या इतिहासकाराने दाखवून दिले आहे. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत हजारो गुलाम राबत. त्या चांदीतून इ. स. पू. ४८३ नंतर थेमिस्टोक्लीसने आरमार बांधले, आरमाराची वल्ही मारणारा गरीब नागरिक राज्याला आवश्यक झाला आणि त्याचा आवाज सभेत वाढला. लोकशाहीचा विस्तार झाला तो खाणीतल्या माणसाच्या फुप्फुसांच्या जोरावर. एरेख्थिऑनच्या ज्या हिशेबांचा वर उल्लेख आला, त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम तिघेही तेच काम तेवढ्याच मजुरीवर करताना दिसतात. फरक एवढाच की गुलामाच्या नावाची मजुरी मालकाच्या हाती पडे. कौशल्य सारखे, घाम सारखा. सभेत बसण्याचा हक्क तेवढा एकालाच. स्त्रियांना तो नव्हताच. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, असा कायदा केला आणि दार आणखी अरुंद झाले. इ. स. पू. ४१३ नंतर स्पार्टाने ॲटिकात ठाणे दिले, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, अशी नोंद थ्युसिडिडीसने केली आहे. अथेन्सच्या लोकशाहीविषयी गुलामांचे मत काय होते, हे त्यांनी पायांनी सांगितले.

काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असे मानणारे लोकही आहेत, हे त्यानेच नोंदवले आणि बाजूस सारले. या सिद्धांताचे उत्तर ग्रंथात शोधण्याची आवश्यकता नाही. ते खुलताबादेत आहे. मलिक अंबरची कबर येथेच आहे आणि त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबरही शेजारीच आहे. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. तो स्वतःही एके काळचा गुलामच होता. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाही पुन्हा उभी केली, १६१० मध्ये खडकी वसवली, तिला नहरींचे पाणी दिले आणि १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे कार्य जमीनमहसुलाचे. मक्त्याने सारा वसूल करण्याची पद्धत त्याने मोडली, जमिनीची प्रतवारी लावली आणि प्रत्यक्ष उत्पन्नाच्या हिश्श्यावर सारा बसवला. १६२६ मध्ये तो वारला. ज्याला ॲरिस्टॉटलने ‘सजीव अवजार’ म्हटले असते, त्याने दख्खनच्या शेतकऱ्याला मक्तेदाराच्या जाचातून सोडवण्याचा मार्ग आखला. अलीकडे खुलताबादचे नाव निघते ते दुसऱ्याच एका कबरीवरून, आणि तेही माणसामाणसांत तेढ वाढवण्यासाठी. मलिक अंबरच्या कबरीपाशी क्षणभर थांबले तर या गावाचा इतिहास अधिक उपयोगी पडेल.

ग्रीकांच्या वारशातील घेण्याजोगे काय, याचे उत्तरही याच जिल्ह्यात एका महापुरुषाने देऊन ठेवले आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. ते ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ या नावाने. मिलिंद म्हणजे मिनँडर, इ. स. पू. दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक राजा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात त्याचा भिक्षू नागसेनाशी झालेला संवाद आहे. संवादाला बसण्यापूर्वी नागसेन अट घालतो की राजाने पंडितासारखे बोलावे, राजासारखे बोलू नये. पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजाचे मत खोडले तर तो शिक्षा फर्मावतो. राजा ती अट मान्य करतो. अथेन्सच्या सभेत प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा सारखा अधिकार होता आणि ग्रीकांना त्याचा मोठा अभिमान होता. त्या अधिकाराचा गाभा या एका अटीत आला आहे. मराठवाड्यातील दलित, कष्टकरी मुलांच्या महाविद्यालयाला एका ग्रीक राजाचे नाव शोभते ते याच कारणाने. राज्यघटना पूर्ण होत असताना, नोव्हेंबर १९४९ मध्ये, याच आंबेडकरांनी बजावले होते की राजकारणात समता आणि समाजात व अर्थव्यवहारात विषमता हा विरोध फार काळ चालू दिला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. अथेन्सने तो विरोध मिटवला नाही. आपण मिटवला काय?

या प्रश्नाचे उत्तर उसाच्या फडात मिळते. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. एक सभासद, एक मत, हे त्याचे तत्त्व. खाजगी भांडवलदाराच्या तावडीतून ऊस उत्पादक सुटला आणि ही महाराष्ट्राची खरोखर मोठी कामगिरी होय. मात्र ऊस तोडणारा या सभासदांत नाही. बीडसह मराठवाड्याच्या अनेक तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक भरून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगामभर कोयता चालतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि कुटुंब पुन्हा त्याच मुकादमाला बांधले जाते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. सोलोनने उपटलेला गहाणदगड येथे शेतात दिसत नाही, कारण तो मुकादमाच्या वहीत आहे. सभासदाची लोकशाही आणि बिगरसभासदाचे श्रम, हे अथेन्सचेच चित्र होय.

आणि त्याच वेळी गावात ग्रामसभा भरते. २६ जानेवारी हा ग्रामसभेचा रूढ दिवस. त्या दिवशी ऊसतोड कुटुंबे दोनशे-तीनशे किलोमीटर दूर पाचटाच्या खोपीत असतात. घरकुलाची यादी, रोजगाराच्या कामांचा आराखडा, पाण्याची योजना, म्हणजे ज्या विषयांवर त्यांचे जगणे अवलंबून आहे तेच विषय त्यांच्या गैरहजेरीत मंजूर होतात. जे गावात आहेत त्यांतील शेतमजुराला सभेला बसायचे तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. मग पाच-पंचवीस माणसे संपूर्ण गावाच्या नावाने ठराव करतात. लोक उदासीन आहेत, असा निष्कर्ष काढून वर्तमानपत्रे मोकळी होतात. उदासीनता हे येथे कारण नसून अर्थशास्त्र हे कारण आहे. ज्या सभेची किंमत एक दिवसाची भाकर आहे, तिला भुकेला माणूस येत नाही.

सभाच नको, अधिकारी पुरेत, असे म्हणणारेही आहेत. छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकांकडे राहिला. राज्यातील बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचीही अशीच गत झाली. नगरपालिकांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ पर्यंत लांबल्या. एवढ्या काळात मोठे जनआंदोलन उभे राहिले नाही, हे चिंताजनक आहे. अज्ञ जमावाच्या हाती सत्ता दिली तर तो चुका करतो, असे प्लेटोपासून सांगितले जाते. अथेन्सच्या सभेने चुका केल्या हे खरेच. तिने इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटावरील पुरुषांची कत्तल करवली आणि स्त्रिया-मुलांना गुलाम केले. तिच्या न्यायालयाने इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला देहदंड दिला. परंतु शहाण्यांच्या राजवटीचाही प्रयोग अथेन्सने करून पाहिला. इ. स. पू. ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांचे सरकार आले. त्यात प्लेटोचे आप्त होते. या सरकारने अवघ्या काही महिन्यांत सुमारे दीड हजार माणसे मारली. लोकशाहीवाद्यांनी परत येऊन सत्ता घेतली, तेव्हा मोजके अपराधी वगळून सर्वांना माफी दिली आणि ती बव्हंशी पाळली. मितिलेनेच्या कत्तलीचा ठराव इ. स. पू. ४२७ मध्ये याच सभेने दुसऱ्याच दिवशी फिरवला होता. सभा चुकते, पण तिला स्वतःचा निर्णय बदलता येतो, कारण तिच्यात विरोधी आवाज जिवंत असतो.

अथेन्सची लोकशाही इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या फौजेने संपवली. पावणेदोनशे वर्षांच्या त्या प्रयोगातून आज मराठवाड्याच्या खेड्याने काय घ्यावे, याचा विचार नेमका करता येईल. ग्रामसभेला हजर राहणाऱ्या मजुराला अकुशल कामाच्या किमान वेतनाइतका भत्ता मिळाला पाहिजे. वर्षातील महत्त्वाच्या ग्रामसभा ऊसतोड कुटुंबे गावी असतील त्या दिवसांत, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात घेतल्या पाहिजेत. गणपूर्तीवाचूनच्या तहकूब सभेत यादी आणि आराखडा मंजूर करण्यास मनाई हवी. मुदत संपताच पंचायतीचा हिशेब ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचला गेला पाहिजे. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीतून सरकारी नोंदवहीत आली पाहिजे आणि कारखान्याने तोडणी कामगाराला स्वतःचा कामगार म्हणून मान्यता दिली पाहिजे. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पहिल्या मागणीएवढे काम तर अथेन्सने चोवीसशे वर्षांपूर्वी, खाणीतल्या चांदीच्या बळावर का होईना, करून दाखवले होते.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, तेव्हाही राज्याला हे परवडेल काय, असे विचारले गेले होते. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांनी आणि त्यांच्यासाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते परवडण्याजोगे करून दाखवले. कामाच्या हमीनंतरची पायरी सभेच्या हमीची आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव कोणीतरी मांडला पाहिजे, आणि तो मांडणारा मजूर असेल तर त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीची तजवीज गावाने आधी केली पाहिजे.